वॅक्स पेनाची बॅटरी : प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी २०२५

काम घेतलं. कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, दागिन्यांचं ओतकाम करणारे एक कारागीर आहेत, ओळखीचे, सगळे त्यांना आण्णा म्हणतात. त्यांना बिनवायरचं वॅक्स पेन हवंय.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी : अंगठी किंवा पेंडंटचा मेणाचा पीस तयार झाला की असे बरेच पीस मेणाच्याच एका दांड्यावर चिकटवतात. त्याला झाड म्हणतात. झाडाभोवती प्लास्टरसारखा लगदा ओतायचा, तो वाळला की भट्टीत घालून मेण जाळून काढायचं आणि राहिलेल्या पोकळीत सोनं नाहीतर चांदी ओतायची. (कोल्हापुरी साजाचे जवमणी आणि पानं पत्र्याची असतात, आत लाख भरलेली. तो धंदा वेगळा.) झाडाला पीस चिकटवायचा तर तापलेलं बारीक टोक लागतं, तेच वॅक्स पेन. आण्णांच्याकडं आहे ते ट्रान्सफॉर्मरच्या डब्याला वायरनं जोडलेलं. वायर झाडात अडकते, पीस पडतो, आणि लाईट गेली की बसा हातावर हात ठेवून.

आण्णांची अट एकच : "आत लई डोकं नको घालू भावा. बिघडलं तर मला उघडून बघता आलं पायजे."

म्हणजे सर्किट नको. एक सेल, एक खटका, एक कॉईल (तापणाऱ्या तारेचं वेटोळं).

१४ जानेवारी

संक्रांत. दुपारी निवांत बसून जुळवाजुळव केली.

ही सेल-खटका-कॉईलची मांडणी काही माझा शोध नाही. परदेशात मेकॅनिकल व्हेपिंगची, म्हणजे बिनचिपच्या ई-सिगारेटची, जी यंत्रं असतात त्यांत हेच असतं : धातूची नळी, आत लिथियम सेल, बुडाशी खटका, वर कॉईल. मधे ना चिप, ना नियंत्रण. छोट्या सेलमधून मोठा करंट ओढला तर काय होतं याचा सगळा अनुभव त्याच लोकांनी जमवून ठेवलाय, त्यामुळं संदर्भ तिथूनच घ्यावा लागतो. आपल्याकडं २०१९ च्या कायद्यानं ई-सिगारेट बनवणं, विकणं, आयात करणं, साठवणं, जाहिरात करणं सगळं बंद आहे. बनवण्या-विकण्याच्या पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, नाहीतर एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आपण मेण वितळवतोय, धूर काढत नाही, तेव्हा ती काळजी नाही. सेलवर बंदी नाहीच.

आता हिशोब. लिथियम सेल भरलेला असताना ४.२ व्होल्ट, बराचसा वेळ ३.७ च्या आसपास, आणि ३ च्या खाली गेला की संपला असं धरायचं. कॉईल १.५ ओहमची धरली तर ४.२ ला २.८ अँपिअर, म्हणजे पावणेबारा वॅट. ३.७ ला सव्वानऊ वॅटच्या जरा खाली. ३.२ ला जेमतेम पावणेसात. वॅटेज व्होल्टेजच्या वर्गानं उतरतं. व्होल्टेज एक चतुर्थांशानं कमी झालं की उष्णता जवळजवळ निम्म्यावर येते.

नियंत्रण असलेल्या यंत्रात सेल उतरला तरी चिप वॅटेज सांभाळून घेते आणि एकदम शेवटी बंद पडते. इथं तसं नाही. सकाळी पेन चटका देणार आणि संध्याकाळी कोमट होणार. म्हणून या पेनाची बॅटरी किती टिकते हे सेल कधी रिकामा होतो यावर नाही, टोक कधी गार लागायला लागतं यावर ठरणार. एमएएच, म्हणजे सेलमध्ये किती वीज मावते तो आकडा, इथं अर्धीच गोष्ट सांगतो.

१९ जानेवारी

सेल गोळा केले. नावातच माप असतं : १८६५० म्हणजे १८ मिलिमीटर जाडी, ६५ लांबी आणि शेवटचं शून्य गोल आकाराचं. १८३५० तेवढाच जाड पण ३५ मिलिमीटर लांब, बुटका. १४५०० म्हणजे घड्याळात घालतो त्या पेन्सिल सेलएवढा.

बाजारात एका ठिकाणी १८६५० वर चक्क ९९०० एमएएच छापलेलं. चांगल्या कंपनीचा १८६५० साधारण ३५०० च्या आसपास जातो. हा हातात घेतला तर हलका लागला. चांगला १८६५० पंचेचाळीस ग्रॅमच्या आगेमागे भरतो. न घेता परत आलो. शेवटी एका जुन्या लॅपटॉपच्या पॅकमधला बरा निघालेला १८६५०, टॉर्चसाठी मागवून ठेवलेले दोन १८३५० (छापील ९००) आणि एक १४५०० (छापील ७५०) असे घेतले.

लांबी निम्मी म्हणून क्षमता निम्मी, असं मात्र होत नाही. वरची टोपी, आतली सुरक्षेची चकती, कडेचा पत्रा हे सगळं छोट्या सेललाही तेवढंच लागतं. मग आत मालाला जागा त्या मानानं कमी उरते. बुटक्या सेलचं हे कायमचं रडगाणं.

१४५०० ची आणखी एक भीती : तो घरात कुणीतरी रिमोटमध्ये घालणार. दीड व्होल्टच्या जागी पावणेचार. त्याला लाल टेप गुंडाळून ठेवलाय.

२३ जानेवारी

शिवाजी उद्यमनगरात मित्राच्या लेथवर नळी करून घेतली. पितळी, आतून १८.५ मिलिमीटर. "दोन मिनिटांचं काम आहे" म्हणाला आणि दोन दिवस लावले, ते असो. एकेकाळी ऑईल इंजिनांचे सुटे भाग करणाऱ्या या गल्लीत आता वॅक्स पेनाची नळी निघते.

नळीच्या बुडाशी आडवी भोकं पाडायला सांगितली. त्याला वाटलं शोभेसाठी. लिथियम सेल बिघडून गॅस सोडायला लागला तर तो बाहेर पडायला वाट पाहिजे. बंद नळीत तोच सेल बॉम्ब होतो. अमेरिकेत २०१८ साली फ्लोरिडात आणि २०१९ च्या जानेवारीत टेक्ससमध्ये ई-सिगारेट फुटून माणसं दगावली आहेत. हे सांगितल्यावर त्यानं भोकं न मागता मोठी केली.

२८ जानेवारी

आज पेन पहिल्यांदा तापलं. निक्रोमची ३४ गेजची तार, साधारण सहा सेंटिमीटर, तांब्याच्या टोकावर फायबरग्लासच्या नळीवरून सात वेढे. मोजली तर १.५ ओहम. निक्रोमचं बरं असतं, तापलं तरी रोध फारसा बदलत नाही, त्यामुळं थंड असताना मोजलेला आकडा कामाला येतो.

पण टोक हिशोबाएवढं तापेना. १८३५० नुकताच भरलेला, ४.१८ व्होल्ट. खटका दाबला की कॉईलच्या दोन टोकांवर फक्त ३.६९. अर्धा व्होल्ट वाटेत कुठंतरी जात होता.

मल्टिमीटरची एक सुई स्थिर ठेवून दुसरी एकेक जोडावर टेकवत गेलो, खटका दाबलेला ठेवून. सेलच्या स्वतःच्या टोकांवर ३.९८. म्हणजे ०.२ व्होल्ट सेलच्या आतच गेले. अडीच अँपिअरला ०.२, म्हणजे आतला रोध सुमारे ८० मिलिओहम, बुटक्या सेलला ठीकच. उरलेले जवळजवळ ०.३ नळीत. स्प्रिंगवर ०.१६. खटक्यावर ०.१०. आटे पिळून जिथं टोपी बसते तिथं ०.०३.

स्प्रिंग हाच चोर. दिसायला चकचकीत, पण पोलादाची, तार बारीक आणि लांबी भरपूर. दहा-बारा दाबांनंतर बोट लावलं तर कोमट लागली. मेण वितळवायची उष्णता स्प्रिंग गरम करण्यात चाललेली. तिच्या आतून जुन्या शिल्डेड वायरची तांब्याची वेणी डाखली, दोन्ही टोकांना. खटक्याची घासणारी चकती पॉलिश पेपरवर घासून चपटी केली, आटे पेट्रोलनं धुतले.

परत मोजलं : नळीत एकूण ०.१०, कॉईलवर ३.८७. नऊ वॅटचे दहा झाले. सेल तोच, कॉईल तीच.

मेकॅनिकल यंत्र वापरणारे आटे आणि टेकणारे भाग सारखे पुसत का बसतात ते आता डोळ्यांनी दिसलं. सर्किट असतं तर हा तोटा त्यानं गुपचूप भरून काढला असता आणि आपल्याला कधी कळलाच नसता.

१ फेब्रुवारी

आण्णांना दाखवायला गेलो. अंबाबाईचा किरणोत्सव चालू, महाद्वार रोडला पाय ठेवायला जागा नव्हती. गाडी लांब लावून चालत गेलो.

आण्णांनी पेन हातात घेऊन आधी तोलून बघितलं, तापवून नंतर. तिन्ही लांबीच्या नळ्या नेल्या होत्या. १४५०० ची बारीक नळी त्यांना आवडेल असं मला वाटलेलं, पेनासारखी दिसते म्हणून. त्यांनी ती लगेच ठेवून दिली : "ही बोटात फिरतीय." १८६५० चं शेपूट मनगटाच्या मागं जातं आणि टोक वर उचलतं. बुटकी १८३५० तळहातात बसली. जाडी त्यांना हवीच होती, बोटांना पकड मिळते. खटका त्यांनी अंगठ्याखाली मागितला, बुडाशी नको.

दाबून बघितला आणि शेजारचा पोरगा म्हणाला, "खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी!" कोल्हापुरात हे ऐकल्याशिवाय कुठलंही बटण पास होत नाही.

महत्त्वाची गोष्ट त्यांच्या हाताकडं बघून कळली. एका चिकटवणीला ते साधारण तीन सेकंद दाबतात, मग टोक मेणाला लावतात, मग सात-आठ सेकंद पुढचा पीस उचलण्यात जातात. सलग कधीच तापवत नाहीत. हंगामात दिवसाला अशा पाचेकशे चिकटवण्या होतात म्हणाले. चाचणी याच तालावर घ्यायची.

६ फेब्रुवारी

चाचणीचं जुगाड : एक टायमर, एक मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक खटका), तीन सेकंद चालू, सात सेकंद बंद. कॉईलवरचं व्होल्टेज दर दाबाच्या शेवटी नोंदवलं जातं. मर्यादा आण्णांकडूनच घेतलेली : त्यांनी "गार लागतंय" म्हटलं तेव्हा कॉईलवर ३.४ व्होल्ट होते, म्हणजे पावणेआठ वॅटच्या जरा खाली. हा आमचा 'संपला' बिंदू. २.८ ला चाचणी थांबते.

१३ फेब्रुवारी

आकडे आले.

१८३५० : सेल पूर्ण उतरेपर्यंत ४०० च्या आसपास दाब. पण कामाचे त्यातले २८०. पुढचे सव्वाशे दाब म्हणजे नुसतं कोमट टोक. क्षमता मोजली तर ९०० छापील, ७८० खरे.

१४५०० : कामाचे १९० सुद्धा भरले नाहीत. त्याचा आतला रोध जास्त, १२० मिलिओहम, म्हणून व्होल्टेज लवकर पडतं. आकारमानात तो १८३५० पेक्षा थोडाच लहान आहे, तरी फरक एवढा. बाद.

लॅपटॉपचा १८६५० : जुना असूनही कामाचे आठशेच्या घरात. आण्णांचा दीड दिवस एका सेलवर. पण हाताला नको म्हणतोय, काय करणार.

दाबांच्या मधल्या विश्रांतीत सेल सावरतो हेही नोंदीत स्वच्छ दिसतं. सात सेकंदांत व्होल्टेज वर चढतं आणि पुढच्या दाबाची सुरुवात जरा जोरात होते. सलग दाबून ठेवला असता तर याच सेलनं आधीच हात टेकले असते.

१७ फेब्रुवारी

२८० वाढवायचे कसे? पहिला विचार कुणालाही येईल तो : कॉईलचा रोध वाढवा, करंट कमी, सेल जास्त पुरेल. कागदावर बरोबर. पण रोध वाढवला की वॅट कमी होतात आणि 'गार लागतंय' बिंदू आणखी वरच्या व्होल्टेजला येतो. सेलमध्ये माल शिल्लक असतानाच पेन निकामी.

म्हणून उलटं केलं. कॉईल १.५ वरून १.३ ओहमवर आणली, तार थोडी कापून. आता तेवढेच पावणेआठ वॅट मिळायला कॉईलवर ३.१६ व्होल्ट पुरतात. सेल अजून खाली उतरेपर्यंत काम देतो. दर दाबाला करंट साधारण सातव्या हिश्शानं जास्त जातो हे खरं, तरीही कामाचे दाब ३२० वर गेले. जास्त खाणारी कॉईल जास्त टिकली. दोनदा पडताळलं, कारण माझाही विश्वास बसेना.

याच वाटेनं पुढं जाऊन १ ओहम का नाही? करून बघितलं. भरलेल्या सेलवर मेण नुसतं वितळत नाही, उकळतं, धूर येतो, पिसाची कड जाते. दाबांची संख्याही पुढं वाढेना, सेलमध्ये काढण्यासारखं उरलेलंच नसतं. १.३ वरच थांबलो.

भरलेल्या सेलवर थोडं जास्त तापतं त्याचं काय, हा प्रश्न आण्णांना फोनवर विचारला. म्हणाले, "सकाळी जरा कमी दाबायचं, दुपारनंतर जरा जास्त. त्यात काय?" जे सांभाळायला लोक चिप घालतात ते त्यांचा अंगठा सांभाळतो. दाब लांबत पाच सेकंदांवर गेला की सेल बदलायचा, एवढी खूण पुरे.

२२ फेब्रुवारी

सुरक्षा. इथं आण्णांची 'आत काही नको' ही अट थोडी वाकवली आणि वाकवणारच होतो.

नुसत्या नळीत खटका अडकून राहिला, समजा ड्रॉवरमध्ये काहीतरी वर पडलं, तर टोक तापत राहतं आणि सेल शून्याकडं जातो. फार खाली गेलेल्या लिथियम सेलमध्ये आतल्या तांब्याच्या पट्टीचं तांबं विरघळायला लागतं आणि पुन्हा चार्ज करताना आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. असा सेल वाचवायचा नसतो. दुसरं, कॉईल शॉर्ट झाली तर ८० मिलिओहमचा हा एवढासा सेल क्षणभर पन्नास अँपिअर द्यायलाही कमी करणार नाही.

तीन गोष्टी केल्या. खटक्याखाली पिळायची कडी, खाली फिरवली की खटका दाबला जात नाही. व्हेपच्या नळ्यांना असते तशीच. आत ५ अँपिअरचा फ्यूज. आणि सेलच्या बुडाशी गोल संरक्षण चकती, डीडब्ल्यू०१ चिपवाली, जी २.४ व्होल्टच्या आसपास तोडते.

चकतीनं जरा छळलं. एकच ८२०५ मॉसफेट असलेली लावली तर भरलेल्या सेलवर मधूनच बंद पडायची. ही चिप मॉसफेटवरचं व्होल्टेज बघून करंट ओळखते, ०.१५ झालं की तोडते. एका ८२०५ चा रोध पन्नासेक मिलिओहम, म्हणजे ३ अँपिअरलाच दार बंद, आणि आपण २.९ ओढतोय. मॉसफेट गरम झालं की त्याचा रोध वाढतो आणि मर्यादा आणखी खाली येते. दोन ८२०५ समांतर असलेली चकती लावली, प्रश्न मिटला. तोटाही निम्मा झाला. १७ तारखेचे आकडे या चकतीसह पुन्हा घेतले, फरक नगण्य.

आण्णांना सांगितलंय : चकती बिघडली तर काढून फेकू नका, मला फोन करा.

२ मार्च

चार्जर. बाजारात सगळीकडं मिळतं ते टीपी४०५६ या चार्जिंग चिपचं मॉड्यूल. ते आहे तसं १ अँपिअरनं भरतं. ७८० एमएएचच्या सेलला हे जास्त होतं, बुटके सेल लवकर म्हातारे होण्याचं एक कारण हेच. मॉड्यूलवरचा १.२ किलोओहमचा बारका रेझिस्टर काढून ३ किलोओहमचा बसवला, करंट ४०० मिलिअँपिअरवर आला. भरायला अडीच-तीन तास लागतात. दुसरा सेल तोवर कामात असतो, घाई कुणाला आहे?

दोन मॉड्यूल एका लाकडी ठोकळ्यावर, सेलसाठी खाचा. धनाची बाजू लाल रंगानं रंगवली. भट्टीपासून लांब ठेवायचं, हे ठोकळ्यावरच लिहिलं.

९ मार्च

पेन आण्णांकडं दिलं. दोन १८३५०, एक ठोकळा.

किती वर्षं चालेल, हे विचारलंच. प्रामाणिक हिशोब असा. असे सेल साधारण ३०० ते ५०० वेळा भरले की क्षमता ऐंशी टक्क्यांच्या आसपास येते. आण्णांचे पाचशे दाब म्हणजे रोज दोन्ही सेल लागणार, एकेकदा उतरतात असंच धरू. वर्षाचे कामाचे तीनशे दिवस धरले तर वर्ष-दीड वर्षात दोन्ही सेल थकणार. तेच काम एका १८६५० वर असतं तर तो दीड दिवसाआड भरावा लागला असता आणि दीड ते अडीच वर्षं गेला असता. छोट्या सेलची किंमत अशी दोन ठिकाणी मोजावी लागते, दिवसाला आणि वर्षालाही. थकलेल्या सेलचा आतला रोधही वाढलेला असतो, त्यामुळं बिननियंत्रणाच्या नळीत तो क्षमतेच्या मानानं आणखी लवकर 'गार' लागेल.

हे ऐकून आण्णा म्हणाले, "मग दीड वर्षानं दोन सेल आण. मनगट कुठं मिळतंय बाजारात?"

जुने सेल कचऱ्यात टाकायचे नाहीत, माझ्याकडं द्यायचे, असं ठरलं. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ते पुनर्वापर करणाऱ्यांकडंच जायला हवेत.

शेजारच्या दोन दुकानांनी पेन मागितलंय. त्यातल्या एकाला चांदीचं मोठं काम असतं, टोक जाड लागेल, म्हणजे ३० गेजची तार आणि कॉईलचा हिशोब पहिल्यापासून. उद्यमनगरात तीन नळ्या सांगितल्या आहेत. या वेळी खटक्याची चकती चांदीचा मुलामा देऊन बघायची, आणि स्प्रिंगच्या जागी फॉस्फर ब्राँझची पट्टी.